हिवाळ्याचं मेण

१

रविवारी दुपारी फोन वाजला आणि पलीकडून ऑल्कॉट रँचवरच्या लॉइड टेबोचा आवाज आला.

"आर्डिथ, कुणाला तरी पाठव. हायरम गेला. घोडीनं फरफटत नेलंय त्याला."

शेरिफच्या ऑफिसात फोन आणि वायरलेस सांभाळण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. वाईट बातम्यांची मला सवय होती. पण ही बातमी मी त्याला पुन्हा सांगायला लावली. हायरम स्लोन हा ऑल्कॉट रँचचा मुकादम. उत्तर नेवाडात गुरांमागे घोडा घालणारा एकही गडी असा नव्हता, की ज्यानं कधी ना कधी हायरमकडून काही शिकून घेतलं नसेल. आणि तो घोडीवरून पडून मेला?

शेरिफसाहेब मासे पकडायला तळ्यावर गेलेले. उरला डेप्युटी थेरॉन पिकेट. जबाब लिहून घ्यायला कुणीतरी हवं, म्हणून त्यानं मलाही गाडीत घातलं.

सेजच्या झुडपांत हायरम उताणा पडला होता. डोक्याची मागची बाजू फुटलेली, एका पायात बूट नाही. तो बूट घोडीच्या रिकिबीत अडकून राहिला होता. घोडी थोड्या अंतरावर थरथरत उभी होती, खोगीर पोटाखाली फिरलेलं. लॉइड हॅट छातीशी धरून उभा होता. ऊन असं होतं की दगडाला हात लावायची सोय नव्हती.

थेरॉन गुडघ्यावर बसला. मला वाटलं, जखम बघतोय. पण तो चेहरा बघत होता, आणि बराच वेळ बघत होता.

"आर्डिथ, याच्या मिशा बघ."

मी पाहिल्या. हायरमच्या मिशा म्हणजे आमच्या गावाची शोभा. त्यांची टोकं कायम आभाळाकडे रोखलेली असायची. आता ती भिजलेल्या सुतळीसारखी हनुवटीवर लोळत होती. नाकाखाली तपकिरी मेणाचा गोळा बसला होता.

"उन्हानं वितळलं असेल," मी म्हटलं.

थेरॉननं स्वतःच्या मिशीला हात लावला. ती ताठ होती. मग त्यानं हायरमच्या शर्टाच्या खिशाचं बटण काढलं, आतून एक चपटी डबी काढली आणि झाकण उघडलं. आत मधासारख्या रंगाचं, कडक मेण होतं. राळेचा वास आला.

"उन्हाळ्याचं मेण खिशात," तो हळू म्हणाला, "आणि तोंडाला लागलंय हिवाळ्याचं. आर्डिथ, हे यानं स्वतः लावलेलं नाही."

२

हे त्याला कसं कळलं, ते सांगायला हवं.

त्या वर्षीच्या वसंतात थेरॉननं मिशा वाढवल्या. दुकानातून सुवासिक मेणाची डबी आणली. सकाळी मिशीवर ताव मारून निघायचा आणि दुपारी टोकं सूपमध्ये बुडायची. कॅफेतल्या बायका त्याला लोंबत्या मिशांचा वॉलरस म्हणायला लागल्या. शेवटी हायरमनंच त्याला एक दिवस आपल्या खोलीवर बोलावलं.

"दुकानदाराला काय विचारतोस? आधी आपला केस बघ," हायरम म्हणाला होता. "तुझा केस म्हणजे घोड्याची शेपटी. त्याला कडक मेण हवं. मग हवा बघ. उन्हाळ्यात राळ जास्त, नाहीतर वितळतं. थंडीत तेच मेण दगड होतं आणि लावायला गेलास की केस तुटतात, म्हणून तेव्हा चरबी जास्त. डबीवरचं चित्र सगळ्यात शेवटी बघायचं."

हायरम दोन्ही मेणं स्वतः कढवायचा. उन्हाळ्याचं साधं. हिवाळ्याच्या मेणात अक्रोडाच्या सालीचा रंग आणि लवंग, कारण हिवाळ्यात पांढरे केस जास्त दिसतात असं त्याचं म्हणणं. मिशांच्या बाबतीत तो नवऱ्या मुलाइतका हळवा होता.

लावायची रीतही त्यानं थेरॉनच्या हाताला धरून शिकवली होती. अंगठ्याच्या नखाच्या पाठीनं मेण खरवडायचं, दाण्याएवढं. बोटांत चोळून ते दिसेनासं करायचं. नाकाखालून बाहेरच्या बाजूला न्यायचं, नाकाखाली साठू द्यायचं नाही. फणी फिरवायची आणि मगच पीळ. कडक मेणाची डबी शर्टाच्या खिशात ठेवायची, म्हणजे अंगाच्या उबेनं ते कामापुरतं नरम राहतं. आणि रात्रीच्या जेवणानंतर तेल लावून, कोमट पाण्यानं सगळं धुऊन टाकायचं. मिशीलाही झोप लागते, म्हणायचा.

थेरॉननं हे सगळं गाडीतल्या वायरलेसवरून शेरिफसाहेबांना सांगितलं. पलीकडे पाण्याचा आवाज येत होता.

"पिकेट, तू मला एका मेलेल्या माणसाच्या मिशांबद्दल सांगतोयस?"

"हो, साहेब."

"अपघात आहे तो. शहरातल्या डॉक्टरचा अहवाल आठवड्यानं येईल, त्यातही हेच लिहिलेलं असेल. गावात तमाशा करू नकोस."

आम्ही रँचच्या अंगणात पोचलो तेव्हा तिथे माइटे उर्रुती येऊन थडकली होती. शेजारच्या रँचवरची पोर, स्पेनच्या डोंगरांतून आलेल्या बास्क लोकांतली. घोडी तिनंच शिकवून तयार केली होती आणि शुक्रवारी हायरमला दिली होती. मालकीणबाई, म्हणजे मिसेस ऑल्कॉट, पायरीवर काठी टेकून उभ्या होत्या.

"माणूस मारणारं जनावर माझ्या दावणीला नको," त्या म्हणाल्या. "उद्या संध्याकाळी जनावरांचा डॉक्टर बंदूक घेऊन येतोय. तुला माहीत होतं ती अशी आहे?"

"ती अशी नाहीये!" माइटेच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज हलला नाही. "थेरॉन, इकडे ये. हिचे पुठ्ठे बघ."

घोडीच्या पाठच्या बाजूला चाबकाचे ताजे वळ उमटले होते.

"हायरमच्या हातात कधी चाबूक पाहिलायस?" माइटेनं विचारलं.

थेरॉननं घोडीच्या मानेवर हात ठेवला. "उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना? मग रडू नकोस. कामाला लागू."

३

हायरमची खोली गोठ्याला लागून होती. भिंतीवर आरसा, आरशाखाली फळी, फळीवर दुसरी डबी. झाकण उघडंच. आत तपकिरी मेण, आणि त्यात बोट खुपसून ओरबाडल्यासारखा खड्डा.

"नखानं खरवडलेलं नाही," थेरॉन म्हणाला. "लोणी काढावं तसं काढलंय."

स्टुलावर घंगाळ होतं. आतल्या थंड पाण्यावर तेल आणि मेणाची पातळ साय धरली होती. शेजारी ओलसर फडकं. हायरम ते पाणी सकाळी उठल्या उठल्या दारातल्या गुलाबाला घालायचा. गुलाबाखालची माती कोरडी ठक्क होती.

"म्हणजे शनिवारी रात्री मिशा धुतल्या," मी म्हटलं, "आणि रविवारची सकाळ त्यानं पाहिलीच नाही."

"तसंच दिसतंय. पण ती त्यानं पाहिली, असं कुणीतरी आपल्याला दाखवायला निघालं होतं."

लॉइड टेबो कुंपणावर बसून तंबाखू चघळत होता. हायरमनंतर मुकादमी आपल्याला मिळावी, हे त्यानं कधी लपवलं नव्हतं. बाकीचे गडी गुरं घेऊन डोंगरावरच्या तळावर होते. रविवारी सकाळी रँचवर परतला तो हा एकटाच, आणि प्रेत सापडलं तेही यालाच.

"बोल बाबा," तो म्हणाला. "मीच मारलं म्हणायला आलायस ना? तोंडावरच दिसतंय तुझ्या."

"शनिवारी संध्याकाळी कुठं होतास?"

"या आर्डिथला विचार! गावात नाच होता. हिच्या पायावर मी इतक्यांदा पाय दिला की बिचारी अजून लंगडत असेल."

ते खरं होतं. नाच उजाडेपर्यंत चालला आणि हा बाबा शेवटपर्यंत तिथेच होता.

"लॉइड, एक सांग. हायरमनं आज सकाळी फळीवरची डबी घेतली असेल का?"

लॉइडच्या स्वतःच्या मिशा लांबलचक, काळ्याभोर. तो असा हसला की तंबाखूचा ठसका लागला.

"फळीवरची? ती बर्फ पडल्यावर उघडायची! जुलैत ते लावण्यापेक्षा त्यानं मिशी कापून टाकली असती. कडक डबी त्याच्या खिशात असते, हे तर..." तो एकदम थांबला. हसू मावळलं. "त्याला कुणी लावलं रे ते?"

"तेच शोधतोय. शुक्रवार-शनिवारी काही झालं होतं?"

"शुक्रवारी तो उत्तरेच्या कुरणात एकटाच जाऊन आला. आल्यावर जेवला, पण एक शब्द बोलला नाही. मी विचारलं, तर म्हणाला, मालकीणबाईंशी बोलायचंय. पण आधी त्या पोराला एक संधी देतो."

"कुठल्या पोराला?"

लॉइडनं मोठ्या घराच्या खिडकीकडे पाहिलं.

४

ड्वाइट ऑल्कॉट हा मालकीणबाईंच्या नवऱ्याचा पुतण्या. काकांच्या माघारी रँचचा कारभार बघायला आला होता. तिशीतला, गुळगुळीत दाढी केलेला, बोलायला गोड. आम्हाला व्हरांड्यात बसवून त्यानं थंड सरबत आणून दिलं.

"फार वाईट झालं," तो म्हणाला. "मी काकूंना चर्चला घेऊन निघालो त्याआधी त्याला पाहिलं होतं. उजाडत होतं तेव्हा."

"कुठं पाहिलंस?"

"स्वयंपाकघराच्या खिडकीतून. त्याच्या खोलीचं दार उघडं होतं. मग तो त्या घोडीवर बसून गेला. मी म्हटलंही मनात, ही घोडी याला पाडणार."

"मिशा केल्या होत्या?" थेरॉननं सहज विचारलं.

"हो तर! त्याशिवाय तो बाहेर पडतो का? आरशापुढं उभा राहून, फळीवरची डबी हातात घेऊन ताव देत होता. मी कितीतरी वेळा पाहिलंय त्याला तसं."

"हिवाळ्यात पाहिलं असशील."

"काय?"

"काही नाही. सरबत छान आहे."

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "थेरॉन, म्हातारा माणूस एखाद्या दिवशी चुकू शकतो. चुकीची डबी उचलली असेल."

"चुकू शकतो. पण मग त्यानं बोटानं ओरबाडलं, नाकाखाली गोळा ठेवला, फणी फिरवली नाही, घंगाळ ओतलं नाही आणि आयुष्यात पहिल्यांदा घोडीला चाबूक मारला. एकाच सकाळी इतक्या चुका?"

"मग त्याला पकड ना!"

"कशावरून? तो म्हणेल, खिडकीतून नीट दिसलं नाही. त्यानं हे का केलं, ते मला अजून माहीत नाही. आणि शेरिफसाहेबांना मिशा पुरणार नाहीत."

सोमवारी पहाटेच थेरॉन आणि माइटे घोड्यांवरून उत्तरेच्या कुरणाकडे गेले. मी गाडीनं कच्च्या रस्त्यानं पोचले. लांबूनच हंबरडे ऐकू येत होते. कुंपणापलीकडे, उर्रुतींच्या बाजूला, गायी ओळीनं तारेला छाती लावून उभ्या होत्या. अलीकडे ऑल्कॉटच्या कुरणातली वासरं तारेतून तोंडं घालून त्यांना लुचायला धडपडत होती. वासरांच्या पुठ्ठ्यांवर तापल्या लोखंडानं मारलेला ऑल्कॉटच्या मालकीचा डाग होता. जखमांवर अजून खपलीसुद्धा धरली नव्हती.

माइटे घोड्यावरून उतरली. एका गायीच्या कपाळावर तिनं हात ठेवला.

"या आमच्या गायी," ती म्हणाली. "भाऊ दोन आठवडे डोंगरात या वासरांना शोधतोय. आम्हाला वाटलं, पुमानं नेली."

थेरॉननं घोडा वळवला आणि मोठ्या घराच्या दिशेनं पिटाळला.

५

जनावरांचा डॉक्टर आधीच अंगणात येऊन बसला होता. बंदूक गाडीच्या बॉनेटवर ठेवलेली. थेरॉन त्याला म्हणाला, "माझं बोलणं संपेपर्यंत हात लावू नकोस." आणि आम्ही सगळे मालकीणबाईंच्या दिवाणखान्यात गेलो. ड्वाइट शेकोटीपाशी उभा होता. लॉइड दारात टेकला.

थेरॉन उभ्यानंच बोलला.

"बाईसाहेब, हायरम रविवारी सकाळी मेला नाही. शनिवारी जेवणानंतर, मिशा धुऊन झाल्यावर मेला. कुणीतरी त्याच्या खोलीत आलं, भांडण झालं, त्याचं डोकं आपटलं. आता त्या माणसापुढं प्रश्न होता. शनिवारी संध्याकाळी रँचवर फार थोडी माणसं होती. अपघात सकाळचा ठरला, तर तो सुटत होता. पण हायरम बिनमेणाच्या मिशीनं घराबाहेर पडला, यावर या जिल्ह्यात कुणी विश्वास ठेवला नसता. म्हणून त्यानं मेलेल्या माणसाला मेण लावलं. समोर जी डबी दिसली, त्यातलं. उजाडताना घोडीवर खोगीर घातलं, हायरमचा पाय रिकिबीत अडकवला आणि घोडीला चाबूक ओढला."

"अरे देवा," लॉइड पुटपुटला.

"लॉइडनं हे केलं असतं, तर त्यानं खिशातली डबी काढली असती. मिशा ठेवणाऱ्या कुणीही तीच काढली असती. शिवाय लॉइडला सकाळ नको होती. सकाळी तो इथं एकटा होता आणि संध्याकाळी गावभर लोकांनी त्याला नाचताना पाहिलंय. सकाळ ज्याला हवी होती, तो माणूस सकाळी चर्चमध्ये होता."

मालकीणबाईंनी मान वळवून पुतण्याकडे पाहिलं.

ड्वाइट हसला. "मिशांवरून माणसाला फासावर चढवणार? काकू, हा गावभर वॉलरस म्हणून..."

"उत्तरेच्या कुरणात उर्रुतींची वासरं आहेत," माइटे म्हणाली. "तुमचा डाग मारलेली. हायरमनं ती शुक्रवारी पाहिली."

"मला काय ठाऊक! गड्यांनी मारला असेल डाग!"

"गडी महिनाभर डोंगरावर आहेत," लॉइड दारातून म्हणाला.

"पुरावा आणा," ड्वाइट म्हणाला. त्याचा गोड आवाज आता फाटला होता. "मी त्याला हात लावल्याचा एक तरी पुरावा आणा!"

मी थेरॉनकडे पाहिलं. त्याच्यापाशी आणखी काही नव्हतं, हे मला माहीत होतं. तो तसाच उभा राहिला, ड्वाइटवरून नजर न काढता.

तेव्हा मालकीणबाई उठल्या. काठी टेकत बाहेरच्या खोलीत गेल्या आणि ड्वाइटची चर्चला घालायची पांढरी हॅट घेऊन आल्या. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. पुढच्या बाजूला, हॅट उचलताना जिथे चिमटीत धरतात तिथे, दोन तपकिरी डाग होते. एकीकडे अंगठा, दुसरीकडे बोट.

"काल चर्चमध्ये मी तुला म्हटलं, हॅट खराब झालीय," त्या म्हणाल्या. "तू रुमाल ओला करून पुसत बसलास. जाईना." त्यांनी हॅट नाकाशी नेली. डोळे मिटले. "लवंग."

"पाण्यानं जात नाही ते," थेरॉन म्हणाला. "तेल लागतं."

ड्वाइट खुर्चीत बसला.

"तो म्हणाला, वासरं परत कर आणि काकूंना स्वतः सांग. नाहीतर सकाळी मी सांगतो. मी म्हटलं, रँच मी चालवतो, तू नोकर आहेस." तो हातांकडे बघत म्हणाला. "त्याच्या मिशा ओल्या, खाली लोंबत होत्या. एवढा म्हातारा दिसत होता तो. मी ढकललं फक्त. इतका हलका असेल असं वाटलं नव्हतं. मागे लोखंडी पलंग होता."

"तेव्हाच मला हाक मारली असतीस तर," मालकीणबाई म्हणाल्या, "अपघात म्हटला असता मी त्याला. पण तू त्याचं तोंड रंगवलंस, ड्वाइट. त्याला रिकिबीत अडकवून फरफटवलंस. आणि मग माझ्या शेजारी बसून प्रार्थना म्हटलीस." त्यांनी हॅट थेरॉनच्या हातात दिली. "घेऊन जा याला."

६

थेरॉननं ड्वाइटला गाडीत बसवलं. जनावरांच्या डॉक्टरनं बंदूक उचलली, कापडात गुंडाळली आणि कुणाचा निरोप न घेता निघून गेला.

माइटे घोडीच्या कुंपणात गेली होती. घोडी पहिल्यांदा तिच्यापासूनही दूर सरली. माइटे तशीच उभी राहिली, हात खाली सोडून, बास्क भाषेत काहीतरी पुटपुटत. मग घोडीनंच मान पुढं केली. माइटेनं वळांना मलम लावलं आणि तिच्यावर स्वतःचं खोगीर चढवलं.

"आत्ता कुठं निघालीस?" लॉइडनं विचारलं.

"डोंगरावर. तळावरच्या पोरांना अजून काही माहीत नाही. कुणीतरी समोर जाऊन सांगायला हवं."

"मी जातो की."

"तू उत्तरेला जा आणि आमची वासरं त्यांच्या आयांकडे सोड. सकाळपासून हंबरतायत त्या."

लॉइडनं तिच्याकडे पाहिलं. मुकादमी हवी असलेल्या माणसाला असा हुकूम ऐकवत नाही. पण त्यानं हॅट डोक्यावर दाबली आणि घोडा आणायला गेला.

मालकीणबाई पायऱ्या उतरून अंगणात आल्या होत्या. कुणाचा हात न धरता. माइटे घोडीवर बसली तेव्हा त्या जवळ आल्या.

"मुली, काल मी तुझ्या घोडीला खुनी म्हटलं."

"हो, म्हटलंत."

"चुकले." हा शब्द त्यांच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. "पोरांना सांगून झाल्यावर... उद्या गुरं वरच्या पाण्यावर हलवायचीयत. त्या पोरांना हुकूम द्यायला आता मुकादम नाही."

माइटेनं लगाम सारखे केले. "उद्या मी वरच असेन. गुरं हलतील. पुढचं आपण नंतर बोलू."

मालकीणबाईंनी मान हलवली. काठी कुंपणाला टेकवून ठेवली आणि फाटकाचा जड अडसर दोन्ही हातांनी स्वतः ओढला. घोडी उघड्या फाटकापाशी क्षणभर थबकली, कान टवकारले, आणि मग माइटेला पाठीवर घेऊन सरळ डोंगराच्या वाटेला लागली.